प्रश्न ट्रकच्या संख्येचा नाही, धुरीवरच्या (अॅक्सलवरच्या) भाराचा आहे

जड ट्रकमुळे पूल झिजतात म्हटलं की काही जण विचारतात, पूल हजारो टनांचा, त्यावर एका ट्रकने काय फरक पडणार? एका ट्रकने पूल पडत नाही, मान्य. पण पुलाचं स्वतःचं वजन स्थिर असतं. दर चाकागणिक वाढतो-उतरतो तो ताण ट्रकचा. लोखंडी गर्डरच्या (पुलाच्या आडव्या तुळईच्या) वेल्डिंगपाशी त्यातूनच बारीक चीर सुरू होते. हे नुकसान साधारण ताणाच्या घनाने वाढतं, म्हणजे ताण दुप्पट तर झीज आठपट. कार यात जवळजवळ धरायच्याच नाहीत. २०१८ साली केंद्राने चार टायरच्या धुरीची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. वाढ तेरा टक्क्यांच्या आसपास, पण घन केला तर झीज त्रेचाळीस टक्क्यांनी जास्त! ओव्हरलोड तर वेगळाच.

काँक्रीटच्या पुलात आधी दोन गाळ्यांमधले सांधे जातात. मुंब्रा बायपासवर उरणच्या बंदराकडून भिवंडीकडे जाणारे कंटेनर सतत चालू असतात. तिथे पुलाखाली उभं राहून ऐका: सांध्यावरून चाक गेलं की 'धाड-धाड', आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी थेट बेअरिंगवर, म्हणजे खांबावर गर्डर जिच्यावर टेकतो त्या गादीवर. मी पाहिलेल्या एका खांबाच्या माथ्यावर गंजाचे तांबडे ओघळ वीतभर खाली आले होते. वरून डांबर मात्र नवंकोरं.

म्हणून माझी कळकळीची मागणी आहे, डांबरीकरणाआधी सांधे आणि बेअरिंग तपासा, आणि वजनकाटा बंदरातून निघतानाच लावा. ट्रक पुलावर चढल्यावर दंड घेऊन गर्डरला काय उपयोग?