एस्मेराल्डा (१८८३): लहान क्रूझरवर मोठ्या तोफा ही चूक होती का?

दीपगृह
'एस्मेराल्डा हे लढण्यासाठी नव्हे, तर गिऱ्हाईक खेचण्यासाठी बांधलेले जहाज होते' असे मत 'नांगर' यांनी या मंचावर नुकतेच मांडले. ते मला मुळीच पटत नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे.

जॉर्ज रेंडेल यांनी आखलेले आणि इंग्लंडमधल्या आर्मस्ट्राँग कारखान्याने चिलीसाठी बांधलेले हे क्रूझर, म्हणजे वेगवान लढाऊ जहाज, १८८३ साली पाण्यात उतरले. वजन सुमारे २,९५० टन, वेग १८ नॉटांहून थोडा अधिक. त्या काळच्या बहुतेक क्रूझरांवर इंजिनाच्या जोडीला शिडेही असत. रेंडेल यांनी ती काढूनच टाकली. बाजूंना जाड चिलखत लावले असते, तर एवढ्या लहान जहाजाला वेग गाठता आला नसता. म्हणून त्यांनी पाणरेषेच्या किंचित खाली, कासवाच्या पाठीसारखा बाक असलेला एक ते दोन इंच जाडीचा पोलादी डेक घातला. इंजिने, बॉयलर आणि दारूगोळा त्याच्या खाली ठेवला आणि कोळशाच्या कोठ्या अशा रचल्या की आत घुसलेला गोळा कोळशातच अडकावा. जळण म्हणून न्यावाच लागणारा कोळसा असा ढालीच्या कामी लावणे, याला मी अस्सल अभियांत्रिकी म्हणतो.

१८८५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पनामात सैन्य उतरवले, तेव्हा चिलीने हेच जहाज तिकडे पाठवले. अमेरिकी आरमाराकडे तेव्हा बहुतांशी जुनी लाकडी जहाजे होती. एका जहाजाच्या बळावर चिलीसारखा देश तिथे ताठ मानेने उभा राहू शकला, ही सेवा लहान नव्हे.

नांगर
पोलादी डेकबद्दल आपले दुमत नाही. माझा आक्षेप तोफांवर आहे आणि त्यांना तुम्ही हातच लावलेला नाही. पुढे एक आणि मागे एक अशा दोन १० इंची तोफा, शिवाय सहा ६ इंची. मोठ्या तोफेचा गोळा सुमारे दोनशे किलोंचा. जहाजाचा काठ पाण्यापासून इतका कमी उंचीवर होता की उसळत्या समुद्रात पुढच्या तोफेवर लाटा येणारच. अशा वेळी डुलणाऱ्या डेकवर तो गोळा भरून नेम धरण्यात जो वेळ जातो, त्यात शत्रू जागा सोडून गेलेला असतो. कागदावर भारदस्त दिसणारे आकडे गिऱ्हाइकाला भुरळ घालतात, म्हणून कारखान्याने ते मांडले.

याचा पुरावा चीन-जपान युद्धातल्या १८९४ च्या यालूच्या सागरी लढाईत मिळाला. जपानच्या मात्सुशिमा वर्गातल्या तीन क्रूझरांवर प्रत्येकी एक १२ इंचांहून मोठी तोफ होती. काही तास चाललेल्या लढाईत त्या तोफांनी मोजकेच बार काढले; चिनी जहाजांची दैना केली ती झटपट मारा करणाऱ्या लहान तोफांनी.

दीपगृह
यालूचा दाखला योग्य आहे, पण तो १८९४ चा आहे. रेंडेल यांनी आराखडा केला तेव्हा झटपट माऱ्याच्या ६ इंची तोफा अस्तित्वातच नव्हत्या. पुढे काय येणार याचा हिशेब त्यांनी आधीच करायला हवा होता, ही अपेक्षा न्याय्य नाही.

शिवाय जहाजाचे पुढचे आयुष्य पाहा. १८९४ च्या अखेरीस ते जपानने घेतले. चीन-जपान युद्धात चिली तटस्थ असल्यामुळे व्यवहार इक्वेडोरच्या निशाणाखाली झाला आणि त्या प्रकरणात इक्वेडोरचे राष्ट्राध्यक्ष लुईस कोर्देरो यांना पायउतार व्हावे लागले. जपानने जहाजाला 'इझुमी' हे नाव दिले. रशिया-जपान युद्धात, २७ मे १९०५ च्या पहाटे, शिनानो मारू या जपानी गस्ती जहाजाने रशियन ताफा हेरल्यावर त्याच्या मागावर राहण्याचे काम इझुमीने उचलले. बावीस वर्षांचे ते म्हातारे जहाज विरळ धुक्यातून त्या अजस्र ताफ्याच्या बाजूने तासन्तास चालत राहिले आणि ताफ्याची रचना, दिशा व वेग बिनतारी संदेशांनी जपानी नौसेनापती तोगो यांना कळवत राहिले. हे संदेश उधळून लावण्याची परवानगी रशियन उराल जहाजाने मागितली होती. रशियन ताफ्याचे प्रमुख रोझेस्तवेन्स्की यांनी ती दिली नाही. त्याच दिवशी सुरू झालेल्या त्सुशिमाच्या लढाईतल्या जपानी विजयात त्या सकाळचा वाटा मोठा आहे.

नांगर
त्या सकाळबद्दल मलाही आदर आहे. मात्र त्या सकाळी इझुमीवर १० इंची तोफा नव्हत्या, हे तुम्ही सांगितले नाही. जपानने त्या काही वर्षे आधीच उतरवून ६ इंची झटपट माऱ्याच्या तोफा बसवल्या होत्या. म्हणजे रेंडेल यांचा सांगाडा, डेक आणि इंजिने टिकली, आणि टिकल्या नाहीत त्या फक्त मोठ्या तोफा. माझे म्हणणे पहिल्यापासून एवढेच आहे.

दीपगृह
तोफा उतरवल्याचा उल्लेख मी करायला हवा होता, हे मान्य. 'गिऱ्हाईक खेचण्यासाठी' हा शब्दप्रयोग मात्र तुम्ही मागे घ्यावा. १८७९ मध्ये इकिकेच्या बंदरात याच नावाचे चिलीचे लाकडी जहाज, पेरूच्या चिलखती हुआस्कर जहाजाच्या धडकांनी बुडाले होते आणि कप्तान आर्तुरो प्रात हुआस्करवर उडी घेऊन लढताना मारले गेले होते. आपले गोळे शत्रूच्या चिलखतावरून घसरताना ज्या देशाने पाहिले, त्याला दोन वर्षांनी नवे जहाज मागवताना चिलखत फोडणारी तोफ हवीशी वाटली, तर ती भुरळ कशी म्हणायची?