पाणी पंचायत राज्यभर का पसरली नाही? समाज प्रयोगाने बदलतो की कायद्याने?

दिवेघाट

परवा एका बैठकीत एक गृहस्थ ठासून म्हणाले, "समाज बदलतो तो कायद्याने आणि सरकारी पैशाने. संस्थांचे प्रयोग पाहुण्यांना दाखवायला बरे असतात." टाळ्याही पडल्या. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझं उदाहरण पुरंदरच्या पाणी पंचायतीचं. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे या भागात फिरले. दुष्काळी कामावर लोक खडी फोडत होते. पोटाला मजुरी मिळत होती, पण पुढच्या दुष्काळात कामाला येईल असं त्यातून काही उभं राहत नव्हतं. साळुंख्यांनी नायगावला देवस्थानची ४० एकर माळजमीन कराराने घेतली, उतारावर बांध घातले, खाली पाझर तलाव केला, विहीर काढली, पाणी उपसून वर नेलं. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं.

इथपर्यंत अभियांत्रिकी. खरी नवी गोष्ट वाटपात होती. पाणी जमिनीच्या हिशोबाने द्यायचं नाही, माणशी द्यायचं. डोई अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. ज्याला गुंठाभरही जमीन नाही त्यालाही हिस्सा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा लोकांनी आधी आपल्या खिशातून काढायचा. आणि ऊस लावायचा नाही.

हा नियम कुठल्या मंत्रालयात सुचला असता? कायदा करणाऱ्यालाही काहीतरी बघून कायदा करावा लागतो. ते बघायला मिळतं ते असल्या प्रयोगांत. सामाजिक नवोपक्रमाचं काम हेच, असं माझं म्हणणं. मतं येऊ द्या.

---

निवृत्त शाखा अभियंता

धागा चांगला, निष्कर्ष घाईचा.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. साळुंख्यांविषयी खात्यातल्या लोकांनाही आदर होता, हे आधी सांगतो. पण हिशोब मांडू. पाणी पंचायतीच्या योजना किती झाल्या? काही डझन. त्यांतल्या बऱ्याच पुढे बंद पडल्या. उपसा योजना कागदावर सोपी दिसते. मोटार जळते, डीपी (ट्रान्सफॉर्मर) जातो, वीजबिल थकतं आणि ज्याचं शेत पाइपाच्या शेवटी आहे तो आधी पट्टी भरायची थांबतो. मग पहिला म्हणतो, तो भरत नाही तर मी का भरू?

गावात पत असलेला माणूस असेपर्यंत हे भांडण मिटतं. २००२ मध्ये साळुंखे गेले. त्यांच्या जागी दुसरे साळुंखे कुठून आणायचे? व्यवस्था ती, जी सामान्य वकुबाच्या माणसाच्या हातातही चालते. कालव्यावर आम्ही सामान्य वकुबाचीच माणसं होतो आणि आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटत होतं. उशिरा सुटायचं, चोरी व्हायची, सगळं मान्य. पण सुटायचं.

---

उंबरठा

अभियंता साहेबांशी सहमत, आणि त्यांच्याही पुढे जाते.

त्याच १९७२ च्या दुष्काळातून दुसरी एक गोष्ट निघाली, रोजगार हमी. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनीही आधी सांगली जिल्ह्यात लहान प्रमाणात करून पाहिलं होतं. पण ते तिथं थांबले नाहीत. योजना झाली, मग कायदा झाला, त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७९ पासून महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या माणसाला काम मागायचा हक्क मिळाला, आणि २००५ मध्ये दिल्लीने त्याच धर्तीवर देशाचा कायदा केला.

दोन्हींची सुरुवात एकाच दुष्काळात. एक नायगावला राहिलं, दुसरं बिहार-राजस्थानपर्यंत पोचलं. फरक कशाचा? हमीत मजूर तहसीलदाराच्या टेबलासमोर उभा राहून म्हणू शकत होता, "काम द्या, नाहीतर भत्ता द्या." पाणी पंचायतीत भूमिहीनाला पाणी मिळालं ते गावाने आणि संस्थेने मान्य केलं म्हणून. गावाने उद्या नाही म्हटलं तर तो कुणाच्या दारात जाणार?

---

दिवेघाट

@उंबरठा, तुम्ही माझंच उदाहरण मला दिलंत की! पाग्यांनी आधी करून पाहिलं, मग कायदा आला. मी दुसरं काय म्हणतोय?

आणि कायद्याचं कौतुक करताना भूजल कायदाही बघा. महाराष्ट्राचा २००९ चा कायदा, लागू व्हायला २०१४ उजाडलं. ६० मीटरपेक्षा खोल विहीर-बोअर घ्यायला त्यात बंधन आहे. ६० मीटर म्हणजे साधारण २०० फूट. आता दुष्काळी तालुक्यातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर विचारा, तुमचं बोअर किती फूट? २०० फूट सांगणारा भेटला तर मला कळवा.

हिवरे बाजारला मात्र शेतीसाठी बोअर नाही. तिथं तो नियम ग्रामसभेचा आहे. पाऊस संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडला, किती मुरला, पिण्याला आणि जनावरांना किती ठेवायचं, उरलेल्यात रब्बीचं कुठलं पीक बसतं. कमी पडला तर जास्त पाण्याचं पीक त्या वर्षी नाही. हे सगळं नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, जेमतेम ४०० मिलिमीटरच्या पावसावर. कायदा तिथं कुणी बघायलाही जात नाही.

---

बांधावरून

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर ऊस लावणाऱ्याने बोलावं का?

मी सोलापूर जिल्ह्यातला. साडेचार एकर, त्यात दोन एकर ऊस. तो का लावतो ऐका. कांद्याचं सांगता येत नाही, कधी रडवतो कधी फेकून द्यायला लावतो. टोमॅटोचं विचारूच नका. डाळिंबाला तेल्या लागला की बाग काढायची. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर आहे, कारखाना उचलतो, उशिरा का होईना पैसे येतात, आणि सोसायटीचं कर्जही उसावर लवकर मिळतं. वर दोन दिवस लक्ष दिलं नाही तरी ऊस मरत नाही. घरात माणूसबळ नसलेल्याला हे फार मोठं आहे.

आता तुम्ही पुण्यातून सांगणार, ऊस लावू नका, ज्वारी-करडई घ्या. घेतो. ज्वारीला उसासारखी हमी द्या. तुमच्या नवोपक्रमात पाण्याचा नियम आहे, पण बाजाराचा कुठं आहे?

आणि बोअरबंदीचं आमच्याही गावात झालं होतं. ग्रामसभेत हात वर झाले, ठराव झाला, फोटो निघाला. जानेवारीत विहिरींनी तळ गाठला. एका रात्री तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी एका पुढाऱ्याच्या मळ्यात लागली. रात्रभर घरघर. सकाळी अख्ख्या शिवारावर पांढरी भुकटी आणि गावात सगळे गप. गाडी गावातून हलायच्या आत आणखी चौघांनी आगाऊ रक्कम दिली. त्यात एक मी. माझी विहीर त्याच्या बोअरच्या खालच्या अंगाला आहे, मी काय पाणी आटायची वाट बघत बसू?

---

फुकटचा_सल्ला

वरच्या प्रतिसादाला +१००. धागा इथंच बंद करा.

---

मालन

बंद कशाला? अजून बायकांचा विषयच निघाला नाही.

या चर्चेत "गाव म्हणालं", "लोकांनी ठरवलं" असं चाललंय. कुठलं गाव? पाणी वापर संस्थेचा सभासद व्हायला सातबारा लागतो, आणि सातबारावर बाईचं नाव किती घरांत असतं? पीक कुठलं घ्यायचं ते ठरवणार तो, आणि उन्हाळ्यात टँकरपाशी नंबर लावणार ती.

म्हणून मला साळुंख्यांचं 'माणशी' महत्त्वाचं वाटतं. डोकी मोजायला लागलं की घरातली बाई मोजावीच लागते. तरीही तो हिस्सा कुटुंबाच्या नावाने जातो आणि कुटुंब म्हणजे कोण हे आपल्याला माहीत आहे. प्रयोग अर्ध्या रस्त्यात थांबला असं मी म्हणेन. पण कालव्याच्या कारभाराने तर तो रस्ता पाहिलाही नव्हता. @निवृत्त शाखा अभियंता, तुमच्या आवर्तनात शेत नसलेल्या माणसाला थेंब तरी होता का?

---

निवृत्त शाखा अभियंता

नव्हता. लाभक्षेत्रात जमीन असेल त्याला पाणी, एवढंच खातं ओळखतं. भूमिहीनाला पाणी देऊन तो ते भिजवणार काय, हा प्रश्न आम्ही विचारायचो. नायगावकडे त्याला उत्तर होतं: तो दुसऱ्याची जमीन वाट्याने करेल आणि पाणी ही त्याची बाजू असेल. उत्तर चांगलं आहे. पण लाखभर हेक्टरच्या प्रकल्पावर हे कोण बसवणार? चाळीस एकरांवर पाटकरी प्रत्येकाला नावाने ओळखतो. तिथं वही पुरते.

अवांतर: पाणी अडवण्याच्या गावस्पर्धेचा, वॉटर कपचा, विषय कुणी काढला नाही अजून, आश्चर्य आहे.

---

दिवेघाट

काढतो, कारण तोच माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू आहे.

पानी फाउंडेशनची स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. म्हणजे प्रयोग पसरत नाहीत, हे साफ चूक आहे. पसरतात, आणि भयंकर वेगाने. त्या उन्हाळ्यांत एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गट पहाटे एका चरावर खोदत होते. ज्यांनी पाहिलंय ते हे नाकारणार नाहीत.

पण पसरलं काय? पाणी अडवणं. कारण अडवण्यात कुणाचं काही जात नाही. चर खणला की सगळ्यांच्याच विहिरी वर येतात, श्रमदानाला आमदारही कुदळ घेऊन उभा राहतो. वाटप आलं की कुणाच्या तरी ताटातून काढून दुसऱ्याला वाढावं लागतं. तिथं आमदार येत नाही. वाटपाचा नियम पसरला नाही याचा दोष नियमाला देऊ नका, ज्यांना तो नको होता त्यांचा जोर जास्त होता.

---

उंबरठा

अहो, मग हेच तर मी म्हणतेय! जोर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुढे प्रयोग दाखवून काय होणार? "बघा किती छान चाललंय" असं म्हणून आजवर कुणी आपला हिस्सा सोडलाय? तिथं संघटना लागते, मोर्चा लागतो, शेवटी कायदा लागतो.

शेततळ्यांचंही तसंच. कल्पना होती पावसाचं वाहून जाणारं पाणी साठवायची. अनुदान आलं, आणि कित्येक ठिकाणी प्लास्टिक अंथरलेली मोठाली तळी बोअर-विहिरीतलं पाणी उपसून भरली गेली. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर काढून एकाच्या मालकीच्या तळ्यात उन्हात ठेवायचं! नवोपक्रम म्हणून सुरू झालेली गोष्ट ज्याच्याकडे मोठी मोटार त्याच्या सोयीची झाली. प्रयोगाला राजकारण नसलं की असं होतं.

---

येरळाकाठ

तुम्ही दोघे उगाच दोन तट पाडताय. आमच्याकडे, म्हणजे खानापूर-आटपाडी भागात, हे दोन्ही एकत्र झालेलं आहे.

येरळेवर बळीराजा धरण लोकांनी बांधलं, ऐंशीच्या दशकात. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. लोकांनी आधी वाळूवर हक्क सांगितला आणि तीच काही प्रमाणात विकून धरणाला पैसा उभा केला. वाटपाचं तत्त्व पुरंदरसारखंच, समन्यायी, भूमिहीनालाही हिस्सा. पण ते दाखवायचा नमुना म्हणून ठेवलं नाही, तीच मागणी केली. नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा वर्षानुवर्षं भरल्या. कृष्णेचं पाणी आम्हाला हवं, आणि ते समान वाटून हवं, ही भाषा त्यातून आली. टेंभू उपसा योजनेचं पाणी माणदेशात आलं ते कुणाच्या मेहेरबानीने आलेलं नाही.

समान वाटप पूर्ण झालं का? नाही. पाणी आलं तसा ऊसही आला, तो कुणाला दिसत नाही असं नाही. पण "माझ्या शेतात पाणी नाही, ते माझ्या नशिबात नाही" असं आमच्या आजोबांची पिढी म्हणायची. आज आटपाडीतला माणूस विचारतो, माझ्या वाट्याचं पाणी कुणी नेलं? बळीराजा धरण डोळ्यांनी पाहिलं नसतं तर हा प्रश्न नुसत्या भाषणांनी सुचला नसता. आणि परिषदा भरल्या नसत्या तर ते धरण तेवढं एकटंच राहिलं असतं.

---

फुकटचा_सल्ला

बांधावरून, आता सांगा. सगळ्यांनी ऐकलं तर तुम्ही दोन एकर ऊस सोडणार का?

---

बांधावरून

सगळ्यांनी ऐकलं तर हा शब्द फार मोठा आहे, पण बोलतो.

येरळाकाठ यांचं मला पटलं, निदान त्यात मला कुणी अडाणी समजत नाही. पण २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, आणि लातूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना तेव्हा कुणी कुलूप लावलं नाही. मी तेव्हापासून हिशोब घालतोय की नियम नेमका कुणासाठी असतो.

माझी अट लिहून घ्या. आधी त्या पुढाऱ्याचं बोअर बंद करा. ग्रामसभेने करा, तहसीलदाराने करा, मोर्चा काढून करा, मला फरक पडत नाही. ते बंद झालेलं मला दिसू दे. माझं मी स्वतः बंद करीन, आणि यंदाचा खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) काढून हरभरा पेरीन. दोन एकरांच्या पाण्याचा हिस्सा माझ्या सालगड्याला द्या म्हणाल तर त्यावर मात्र भांडीन, आत्ताच सांगून ठेवतो.

---

मालन

भांडा. सालगड्याच्या बायकोलाही बोलवा फक्त.