मूल शाळेत रमलं ते नेमकं कशामुळे? गोव्यातल्या प्राथमिक शाळांतले तुमचे अनुभव सांगा

धागा काढणारी, फोंडा तालुका

कारण घरातच घडलं. धाकटी यंदा जूनमध्ये पहिलीला गेली, सरकारी मराठी प्राथमिक, घरापासून चालत सात मिनिटं. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडारड. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, काही नाही म्हणाले, सासूबाईंनी दृष्ट काढली, तरी दुखतंच. शेवटी कळलं ते असं की शाळेच्या संडासाची आतली कडी उंचावर, हिचा हात पोचत नाही, दार उघडं ठेवायची लाज, म्हणून ही बाय सकाळी आठपासून साडेबारापर्यंत धरून बसायची, पाण्याची बाटली जशीच्या तशी परत. मला आईला हे कळलं नाही, कळलं चौथीतल्या एका पोरीला. टीचरनी सुतार बोलावून खाली दुसरी कडी मारून घेतली, पण त्याच्या आधी आठवडाभर ती पोरगी दाराबाहेर राखण करत उभी रहायची. आता कडी आहे तरी दोघी जोडीनेच जातात.

तर तुमचंही सांगा. पालक, टीचर, बालरथवाले (शाळेच्या बसवरचे), माध्यान्ह आहारवाल्या, जुने विद्यार्थी, कोणीही. शाळेचं नाव नको, मुलाचं तर नकोच. सल्ले पण नकोत, घडलेलं लिहा.

टीचर, वास्को बाजू

माझी शाळा मराठी माध्यमाची आणि वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कानडी, थोड्यांच्या तेलुगू, राहिलेल्यांच्या कोंकणी. मराठी घरी बोलणारं एकही नाही, हसू नका, आमच्या पट्ट्यात ही काही नवलाची गोष्ट नाही. आईबाप बिल्डिंगच्या साइटवर. मधल्या सुट्टीत भांडण झालं की तोंडात पहिला शब्द "घांटी", बाहेरून आलेल्यांना हिणवायचा. मी ओरडून बघितलं, परिपाठात भाषण दिलं, शून्य उपयोग. मग एका मुलाची आई सकाळी त्याला सोडायला यायची तिच्याकडून मी एक वाक्य शिकले, "ऊटा आयता?", म्हणजे जेवलास का. दुसऱ्या दिवशी भाजीपाव वाटताना त्याला विचारलं. उच्चार इतका भयंकर की तो फस्सकन हसला, कानडीवाली सगळी हसली, मग बाकीची पण. वर्ग पहिल्यांदाच त्याला सोडून मला हसला! त्याने मला तीन वेळा म्हणायला लावलं, मान हलवून नापास केलं. आता सुट्टीत कोंकणी घरातली पोरंसुद्धा एकमेकांना ऊटा आयता करत फिरतात.

"घांटी" बंद झालं असं म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू. कमी झालंय. तो शब्द मुलं घरून घेऊन येतात, तिथे माझा हात पोचत नाही.

सर, सत्तरी

एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी मिळून पट नऊ. गवळी-धनगर वाड्यावरचा एक दुसरीतला मुलगा रानातून पाऊण तास चालत यायचा. वर्षभरात त्याचा आवाज ऐकला तो फक्त हजेरीला. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही वर्गात छोटी माटोळी बांधतो, फळं-पानं बांधून टांगायची लाकडी चौकट असते, मुलं आपापल्या कुळागरातून (बागेतून) सुपारीचं कात्रं, नारळ, आंबाडे, तोरिंग असलं काहीबाही आणतात. हा आला तो पिशवी भरून. कांगलां, नागकुड्याची फळं, घागऱ्या, कवंडळ, आणखी दोन अशी की मला स्वतःला नावं येत नव्हती, त्याने सांगितली. आणि नुसती सांगितली नाहीत, कवंडळ तोंडात घालायचं नाही, कडू विख असतं म्हणून चौथीच्या थोराड पोरांना चक्क दरडावलं. कुठलं काय कुठे बांधायचं हेही त्यानेच ठरवलं, मी स्टूल धरून उभा.

पेडण्याचा बाप

सर, गोष्ट आवडली पण एक खुपतं. माझ्या मुलाला काहीच खास येत नाही हो. गाता येत नाही, पळण्यात शेवटचा, रानातली फळं ओळखत नाही, अक्षर पण यथातथाच. साधा मुलगा आहे. अशा गोष्टी वाचल्या की वाटतं शाळेत आपला म्हणून घ्यायला त्याने काहीतरी करून दाखवायलाच पाहिजे का? ज्याच्याकडे पिशवी रिकामी त्याने काय करायचं?

सर, सत्तरी

बरोबर धरलंत. खरं सांगतो, सुट्टी संपून आला तो पुन्हा गप्पच, आजही फारसा बोलत नाही. बदललं ते वेगळंच. माटोळीच्या दिवशी चार पोरं उरलेली फळं बघायला त्याच्यासोबत वाड्यावर जाऊन आली आणि त्यांना त्याची वाट कळली. आता सकाळी ती व्हाळाजवळ (ओढ्याजवळ) थांबतात, हाक मारतात, पाच-सहा जण मिळून येतात, पावसात तर मला पण जिवाला बरं वाटतं. यात त्याने काहीच करून दाखवलेलं नाही. माझं तर अजिबातच काही नाही.

बालरथ अटेंडंट, बार्देश

मराठी लिहायची सवय गेली, चुकलं तर सांभाळून घ्या. टीचरला मूल आठला दिसतं, मला सातला, अर्धी झोप डोळ्यात असताना. दुसरीतली एक मुलगी रोज ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, अखंड बडबड. एक दिवस उठून सगळ्यात मागे जाऊन बसली, खिडकीला तोंड लावून. तीन दिवस तेच. मी टीचरना सांगितलं तर म्हणाल्या वर्गात ठीक आहे की. चौथ्या दिवशी माझी ट्यूब पेटली, रोज सोडायला येणारी तिची आजी दिसत नाही स्टॉपवर. आजी गेली होती, आम्हाला कोणी कळवलं नाही, कोण कळवणार म्हणा बसवाल्यांना. आता वडील सोडायला यायचे, स्कूटर चालूच, मूल पायरीवर चढलं की हे निघाले. मी धीर करून बोलले, भाऊ रागावू नका, पण स्कूटर बंद करा आणि बस वळणाला जाईपर्यंत उभे रहा, आजी रोज तशी उभी रहायची. माणूस काही बोलला नाही, मला वाटलं आता तक्रार जाणार. दुसऱ्या दिवशी स्कूटर बंद.

ती अजून मागेच बसते. पण वळणापर्यंत हात हलवते.

धागा काढणारी

बाय, देव बरें करूं (देव तुमचं भलं करो). हे वाचून मी आमच्या बसवाल्या ताईंचा नंबर सेव्ह केला, मोठी जाते त्यांच्या बसने आणि इतकी वर्षं मला त्यांचं नावही माहीत नव्हतं. आणखी एक, कोणाला एखाद्या मुलाबद्दल गंभीर शंका असेल, घरी मारतात किंवा कोणी नको तिथे हात लावतो अशी, तर ते इथे लिहू नका, सरळ 1098 ला फोन करा, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

निवृत्त टीचर, डिचोली

2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या त्या वर्षी माझ्याकडे चौथी होती. आमच्या गावात दर दोन घरं सोडून अंगणात खनिज वाहणारा ट्रक, आणि सगळे उभे, हप्ते मात्र चालू. मोठ्यांचं काय चाललंय हे आम्हाला पेपरात कळायचं, मुलांचं मला कळलं ते सहलीच्या वेळी. सहलीचे पैसे कोणी दिले कोणी नाही ही यादी फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची आमच्याकडे पद्धत होती. पद्धत कसली, मीच लिहायचे, वीस वर्षं, सोयीचं पडतं म्हणून. त्या वर्षी यादीत नाव नसलेली चार मुलं एकाच दिवशी तापाने घरी. चौघांना एकदम ताप! सुट्टीनंतर मी मागच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून फळा बघितला, तर बाकी काही दिसेना, फक्त तो कोपरा. ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकला. रागही आला, स्वतःचाच, कारण ज्यांची नावं वीस वर्षं तिथे राहिली असतील ती आता मोठी झाली, त्यांना काय सांगणार.

सहल त्या वर्षी मयेच्या तळ्यावर नेली, शाळेतून पाऊण तास चालत, डबा ज्याचा त्याने. कोणाकडे पोळी-भाजी, कोणाकडे नुसता उंडो (गोल पाव) नि केळं, तळ्याच्या काठावर सगळं एकात एक झालं. 2018 च्या मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद झाल्या तेव्हा नव्या टीचरनी मला फोन करून विचारलं, सहलीचं कसं करायचं?

आई, पणजी

मराठी-कोंकणी की इंग्रजी, हा माध्यमाचा वाद इथे नको प्लीज, 1990 पासून चालू आहे आणि 2011 ला इंग्रजी प्राथमिक शाळांना पण अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा काय काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. मुलगा इंग्रजी शाळेत घातला तो आमचा निर्णय. त्याच्या वर्गात नियम होता की इंग्रजी सोडून काही बोललं तर पाच रुपये दंड. आमच्या घरी कोंकणी-मराठीची खिचडी, पोरगा साडेपाच वर्षांचा. त्याला "हांव मुतूंक वचूं?" (मी शू करायला जाऊ?) एवढंच येत होतं, दंडाच्या भीतीने तेही बोलला नाही, चड्डी ओली झाली आणि मुलं हसली. घरी येऊन मला म्हणाला, आई मला पाच रुपये देऊन ठेव. मी अजून ते वाक्य विसरले नाही.

त्याला सावरलं ते तिथल्या सफाईवाल्या मावशीने. चड्डी बदलून दिली आणि कानात सांगितलं, "म्हाका सांग, हांव टीचराक सांगतां", म्हणजे मला सांग, मी टीचरना सांगते. वर्षभर तो तिलाच सांगायचा. पालकसभेत आम्ही पाच-सहा जणींनी विषय काढला तेव्हा दंडाचा डबा गेला. तोंडी सांगितलं, लेखी काही दिलं नाही, पण गेला.

आजोबा, माशेल

तुम्ही सगळे फार नाजूक झालात असं वाटतं. आमची शाळा मुक्तीनंतरची, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असताना गावोगाव निघाल्या त्यातली, देवळाच्या अग्रशाळेत (यात्रेकरूंच्या उतरायच्या जागेत) भरायची. मास्तर मालवणकडचे. वेताची छडी, पाठीवर वळ उठायचे. काही बिघडलं नाही आमचं.

टीचर, वास्को बाजू

काका, आता छडी उचलली तर नोकरी जाईल, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मारणं पण बंद आणि मुलाचा मानसिक छळ पण, 2010 च्या एप्रिलपासून. ते जाऊ दे. छडी सोडून मास्तरांचं काय आठवतं?

आजोबा, माशेल

हिवतापाने मी तेरा दिवस पडलो होतो तेव्हा मास्तर रोज संध्याकाळी चालत घरी यायचे. शिकवायचे काही नाही. आई चहा द्यायची, तो घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, तरटावरची तुझी जागा तशीच ठेवलीय रे, कोणाला बसू दिलं नाही. तेराही दिवस हेच वाक्य. बरा होऊन गेलो तर खरंच जागा रिकामी, दोन्ही बाजूची पोरं आखडून बसलेली.

आणि तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. माझ्या डाव्या बाजूला बसायचा तो दुसरीतच मार खाऊन शाळेतून सुटला तो काजूच्या भाटात (बागेत) कामाला लागला. त्याला विचारलंत तर तो मास्तरांचं वेगळं सांगेल.

आई, मडगाव

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे. गॅदरिंगला वर्गाने रोमटामेळ बसवायचं ठरवलं, म्हणजे मिरवणुकीतले ढोल-ताशे, आणि याला मिक्सरचा आवाज सहन होत नाही. पालकांच्या मीटिंगमध्ये एक बाई म्हणाल्या, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात ना. सगळे खाली बघत बसले. टीचरनी तिथे वाद घातला नाही, मला तेव्हा राग आला होता त्याचा. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काय केलं, ढोल सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं त्याला सांगायचं आणि हजेरीबुक देऊन ऑफिसात पाठवायचं. रोज. त्याला ते काम वाटायचं, पळवून लावणं नाही. तिसऱ्या आठवड्यात तो दारापर्यंत येऊन बघायला लागला. गॅदरिंगला मेळाच्या अगदी शेवटी, मोठे हेडफोन लावून, रंगीत छत्री धरून चालला. मध्येच छत्री मिटली, पुन्हा उघडेना, तसाच चालला!

2023 च्या जानेवारीत पणजीला पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव झाला, तिथे त्या मीटिंगवाल्या बाई दिसल्या, म्हाताऱ्या सासऱ्यांची व्हीलचेअर ढकलत. दोघींनी मान हलवली. बोललो नाही.

माध्यान्ह आहार करणारी, केपे

आमचा सेल्फ हेल्प ग्रुप भाजीपाव करतो. एक मुलगा दोनातला एकच पाव खायचा, दुसरा रुमालात. घरी लहान भाऊ आहे. मी बघितलं नाही असं दाखवते आणि त्याला पहिल्यापासून तीन देते.

पेडण्याचा बाप

ताई, मोजणीत धरतील तुम्हाला.

माध्यान्ह आहार करणारी, केपे

हिशेब माझा मी बघते.

बाप, म्हापसा

आमच्याकडे "आनंदी विद्यार्थी सप्ताह" झाला. प्रवेशद्वारावर फुग्यांची कमान, सेल्फी पॉइंट, मुलांकडून "मी आनंदी आहे" असं प्रत्येकी एक कार्ड. माझ्या मुलीचं कार्ड वेळेत झालं नाही म्हणून ती रडत घरी आली. फोटो छान आलेत.

धागा काढणारी

म्हापसेकर 🙏 हसू की रडू. बरं, आता माझा एक व्यवहारी प्रश्न. त्या खालच्या कडीचे सुताराला दीडशे रुपये टीचरनी स्वतःच्या पर्समधून दिलेत. मी म्हटलं पीटीएतून (पालक-शिक्षक संघातून) परत देऊ, तर खजिनदार म्हणतात बिल पाहिजे, आणि सुतार म्हणतो एका कडीचं कसलं बिल. कसं करायचं?

सर, सत्तरी

एसएमसीच्या (शाळा व्यवस्थापन समितीच्या) बैठकीत मांडा, तिथे पाऊण मेंबर पालकच असतात. आणि जाताच आहात तर सगळ्याच संडासांच्या कड्या मोजून या, मुलग्यांच्या पण. मी काल आमची बघितली, पहिलीतल्या दोघांचा हात पोचत नाही.

धागा काढणारी

शुक्रवारी बैठक आहे. टेप घेऊन जाते.