कच्च्या धावपट्टीवर विमान उतरवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ॲडलेडला असतो, सेसना १७२ हे छोटं चार आसनी विमान उडवतो. डांबरी पट्टीवर हात बसलाय, खडीवर मात्र एकदाच सराव झाला. त्यातही खडा उडून पंख्याच्या पात्याला नखाएवढी खाच पडली. प्रशिक्षक बोलले काहीच नाहीत, नुसते बोट फिरवत राहिले!

आता लेक एअर हे वाळवंटातलं खारं सरोवर बघायला जाताना वाटेत एका गुरांच्या स्टेशनवर, म्हणजे मोठ्या पशुपालन फार्मवर, उतरायचंय. मालकाची परवानगी आहे. कंट्रोल टॉवर नाही, रेडिओवर १२६.७ मेगाहर्ट्झवर आपणच आपलं बोलायचं. कांगारू, गुरं हेरायला आधी पट्टीवरून कमी उंचीवर एक फेरी मारणारच. पण टेकल्यावर योक (विमानाचं हँडल) मागे ओढून नाकाचं चाक कितपत उचलून धरता? ब्रेक लावताच का? आणि दुपारच्या ४० अंशांत परत उडताना पट्टीची लांबी किती जास्तीची धरता?