मदत हवी आहे: 'सेन्सर'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

मंडळी, एका तांत्रिक पुस्तिकेचं मराठीकरण करतोय आणि 'सेन्सर'पाशी गाडी अडली आहे. 'संवेदक' हा शब्द रूढ आहे खरा. सम् + विद्, म्हणजे नीट जाणणारा. पण त्याच 'विद्'वरून वेदनाही येते, त्यामुळे वाचताना यंत्राला काहीतरी दुखतंय असं वाटतं! (हे फक्त मलाच वाटतं का?)

इतर भाषांत डोकावलो तर गंमतच. 'सेन्सर'चं मूळ लॅटिन 'सेन्तिरे', म्हणजे जाणवणे. जर्मन लोक 'फ्यूलर'ही म्हणतात. कीटकांच्या मिशांनाही तोच शब्द. फ्रेंच 'काप्तर' म्हणजे पकडणारा. आणि रशियन 'दात्चिक' चक्क 'देणे' या क्रियापदावरून आलाय. फिनिश 'आन्तुरी'चंही तेच. म्हणजे कुणाच्या लेखी हे उपकरण घेतं, कुणाच्या लेखी देतं.

मला देणाऱ्याची बाजू जास्त पटते. थर्मिस्टर या तापमानाच्या सेन्सरचंच बघा: त्याला उष्णता 'कळत' वगैरे नाही, तापमानानुसार त्याचा विद्युतरोध बदलतो, इतकंच. आपण तो मोजायचा आणि अर्थ लावायचा.

तर प्रश्न असे: सेन्सर, डिटेक्टर आणि ट्रान्सड्यूसर (एका रूपातली ऊर्जा दुसऱ्या रूपात बदलणारं उपकरण) हे तिन्ही एकाच पानावर आले तर वेगवेगळे मराठी शब्द कोणते वापरता? 'संवेदक' आणि 'शोधक' ठीक, पण तिसऱ्याचं काय? 'ऊर्जापरिवर्तक' फार जड होतोय. की सरळ 'सेन्सर'च ठेवू? पुस्तिका दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांसाठी आहे, त्या हिशेबाने सुचवा.