दोन फीडरवरून एकच डीसी बस : दोन्ही चालू करताच अर्थ फॉल्ट रिले ट्रिप होतो, मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या सूतगिरणीत ११ केव्हीचे दोन फीडर दोन वेगळ्या उपकेंद्रांतून येतात. प्रत्येकाला स्वतंत्र डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर असून दोन्हींचे न्यूट्रल थेट अर्थ केलेले आहेत. एक फीडर गेला की चेंजओव्हर होईपर्यंत रिंग फ्रेमचे (सूत कातणाऱ्या यंत्रांचे) ड्राइव्ह, म्हणजे मोटारींचा वेग सांभाळणारे नियंत्रक, अंडरव्होल्टेज दाखवून बंद पडतात आणि मग शेकडो चात्यांवरचे तुटलेले सूत जोडण्यात कामगारांचा बराच वेळ जातो.

फीडर एसी बाजूला समांतर जोडण्याची परवानगी नाही, आणि फेजकोन जुळतीलच असेही नाही. म्हणून प्रत्येकावर सहा डायोडचा रेक्टिफायर बसवून दोन्हींचे डीसी एकाच बसवर, म्हणजे ड्राइव्हना डीसी पुरवणाऱ्या सामाईक पट्ट्यांवर, आणले आहे. ४१५ व्होल्टला बसवर सुमारे ५६० व्होल्ट मिळतात. कोणताही एक फीडर चालू असताना सर्व सुरळीत चालते, पण दोन्ही चालू केले की काही सेकंदांत अर्थ फॉल्ट रिले (जमिनीकडे जाणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारा) ट्रिप होतो. केबल आणि मोटारींचे इन्सुलेशन मेगरने तपासले, दोष सापडला नाही. तिन्ही फेजच्या केबल एकत्र धरून क्लॅम्प मीटर लावले, तर एकच फीडर चालू असताना जवळपास शून्य येते. दोन्ही चालू असताना मात्र चांगलाच प्रवाह दिसतो, आणि तो दोन्ही बाजूंना सारखाच असतो.

पॅनेल बनवणारे रिलेची सेटिंग वाढवा म्हणतात, ते मला पटत नाही. हा प्रवाह कुठून येतो? ट्रान्सफॉर्मर घालावाच लागणार असेल, तर फेज ३० अंशांनी सरकवणारा घेऊन बारा पल्सचा लाभही (हार्मोनिक, म्हणजे प्रवाहातील विकृती, कमी होण्याचा) मिळेल का? शिवाय जास्त व्होल्टेजचा फीडर जवळजवळ सगळा भार उचलतो, त्यावर काय करावे?

प्रतिसाद

सेटिंग वाढवू नका. रिले खरे तेच सांगतो आहे. डायोड फक्त सर्वांत वरची आणि सर्वांत खालची फेज निवडतात, ती कोणत्या फीडरची हे पाहत नाहीत. त्यामुळे प्रवाह पहिल्या फीडरच्या वरच्या डायोडमधून बसवर जातो, दुसऱ्याच्या खालच्या डायोडमधून परततो आणि दोन अर्थ केलेल्या न्यूट्रलमधून वर्तुळ पूर्ण करतो. दोन्हीकडे सारखे वाचन येण्याचे कारण हेच.

एका रेक्टिफायरच्या आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला की ही वाट तुटते, मात्र त्याच्या सेकंडरीचा न्यूट्रल अर्थ करायचा नाही. सवयीने वायरमन तो जोडून टाकतात आणि खर्च करूनही तक्रार तशीच राहते, तेव्हा जोडणीच्या वेळी स्वतः उभे राहा.

बारा पल्सची अपेक्षा सोडा. ५ वी आणि ७ वी हार्मोनिक दोन्ही प्रवाह एकत्र येतात त्या ठिकाणीच एकमेकांना खोडतात. तुमचे फीडर वेगळ्या उपकेंद्रांवर असल्यामुळे प्रत्येकाला आपल्या वाट्याची हार्मोनिक पूर्ण दिसणारच. ती कमी करायची असेल तर चोक (प्रवाहाच्या मार्गातील गुंडाळी) किंवा फिल्टर लागेल.

भारवाटपाचे म्हणाल, तर एसी बाजूचा १० व्होल्टचा फरक बसवर साडेतेरा व्होल्ट होतो, आणि ४ टक्क्यांचा चोक पूर्ण भारावरही बसचे जेमतेम ११ व्होल्ट उतरवतो. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मरचे टॅप (व्होल्टेज थोडे कमी-जास्त करण्याची जोडणी) जुळवा, मग चोकचा विचार करा. खरे तर एक फीडर गेल्यावर दुसऱ्याने क्षणात भार उचलावा एवढाच तुमचा हेतू आहे. त्यासाठी दोन्ही रेक्टिफायर पूर्ण भाराचे हवेतच, मग वाटप असमान राहिले तरी माझ्या मते बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. थेट फीडर (आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसलेला) बंद होऊन आयसोलेशनची बाजू एकटी उरते, तेव्हा बस अर्थपासून तरंगती राहते आणि पहिला अर्थ फॉल्ट कोणताही रिले दाखवत नाही. तेव्हा बसवर इन्सुलेशन मॉनिटर लावा, आणि ड्राइव्हमधील ईएमसी फिल्टर (विद्युत गोंगाट रोखणारा) अर्थला जोडणारा स्क्रू काढावा लागतो का, हे प्रत्येक ड्राइव्हच्या पुस्तिकेत पाहून घ्या.