इन्फोकॉम चित्रांमुळे बुडाली, की स्वतःच्या खेळांची किंमत न ओळखल्यामुळे?

कंदील

संगणकीय खेळांच्या इतिहासाचा विषय निघाला की इन्फोकॉम या अमेरिकी कंपनीचा शेवट एका वाक्यात उरकला जातो: ही मंडळी नुसत्या मजकुराचे खेळ करत राहिली, पडद्यावर चित्रे आली आणि कंपनी बंद पडली. हे निदान मला चुकीचे वाटते. ते इतक्या सहज मान्य होते की खऱ्या कारणाकडे कोणी वळतच नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७७ साली एमआयटीच्या संगणकविज्ञान प्रयोगशाळेतील टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेब्लिंग या चौघांनी पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर 'झॉर्क' लिहायला घेतला. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांचा 'अ‍ॅडव्हेंचर' हा गुहेतला खेळ त्यांनी नुकताच पुरा केला होता आणि त्याहून सरस काही करून दाखवण्याची त्यांना ईर्षा होती. खेळणाऱ्याने आज्ञा टंकायची आणि संगणकाने पुढचे वर्णन द्यायचे, एवढेच या खेळांचे स्वरूप. पण 'अ‍ॅडव्हेंचर'ला क्रियापद आणि नाम अशी दोन शब्दांचीच आज्ञा कळत असे, तर 'झॉर्क'ला 'तलवार सोडून बाकी सगळे उचल' अशा धर्तीचे पुरे वाक्य कळत असे. जून १९७९ मध्ये याच प्रयोगशाळेच्या वर्तुळातील दहा जणांनी इन्फोकॉम स्थापन केली, तेव्हा कंपनीने नेमके काय विकायचे हेसुद्धा ठरलेले नव्हते.

मोठ्या यंत्रावरचा तो अवाढव्य खेळ त्या काळच्या चिमुकल्या गृहसंगणकांवर बसवण्यासाठी जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी जी युक्ती काढली, ती मला आजही थक्क करते. त्यांनी कोठेही अस्तित्वात नसलेला एक संगणक कागदावर रचला, त्याला 'झी-मशीन' म्हटले, आणि खेळ त्या कल्पित यंत्रासाठी लिहायचे ठरवले. मग अ‍ॅपल असो, टीआरएस-८० असो की अटारी, प्रत्येक खऱ्या संगणकासाठी फक्त एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, लिहिला की सगळे खेळ त्यावर चालू लागत. खेळाचे तीन भाग केले गेले आणि पहिला १९८० साली बाजारात आला. १९८६ पर्यंत त्या एकाच भागाच्या साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९८२ च्या 'डेडलाइन' या खूनतपासाच्या खेळात फ्लॉपीवर न मावलेला मजकूर पोलिसी जबान्या, प्रयोगशाळेचा अहवाल आणि गोळ्यांची पुडी अशा वस्तूंच्या रूपाने खोक्यात आला. १९८३ च्या 'प्लॅनेटफॉल'मधील फ्लॉइड हा यंत्रमानव स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी असा रंगवला की त्याच्या मृत्यूने खेळणारे रडले. १९८४ साली डग्लस अ‍ॅडम्स यांनी मेरेट्झ्कींबरोबर बसून स्वतःच्या कादंबरीवरचा खेळ लिहिला आणि तोही तडाखेबंद खपला. त्या वर्षी कंपनीची विक्री सुमारे १ कोटी डॉलरच्या घरात होती.

आता माझा मुद्दा. कंपनीच्या वरच्या वर्तुळाला, विशेषतः संस्थापकांपैकी एक आणि पुढे प्रमुख झालेल्या अल वेझा यांना, खेळ हे भांडवल उभे करण्याचे साधन वाटत असे. व्यवसायासाठीचे सॉफ्टवेअर हेच त्यांच्या लेखी खरे काम होते. म्हणून खेळांनी मिळवलेला पैसा 'कॉर्नरस्टोन' या डेटाबेसमध्ये, म्हणजे कचेरीतल्या नोंदी साठवण्याच्या आणि शोधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओतला गेला. जानेवारी १९८५ मध्ये तो ४९५ डॉलर किमतीला बाजारात आला, त्याच्या सुमारे १०,००० प्रती गेल्या आणि खर्चाची भरपाई काही झाली नाही. शंभराच्या आसपास असलेली माणसे वर्षअखेरीपर्यंत निम्म्याहून कमी उरली, १९८६ साली अ‍ॅक्टिव्हिजन या खेळ विकणाऱ्या कंपनीने ती सुमारे ७५ लाख डॉलरला घेतली आणि मे १९८९ मध्ये अमेरिकेतल्या केम्ब्रिजचे तिचे कार्यालय बंद झाले. या सगळ्या क्रमात चित्रे कुठे आहेत? ज्या माणसांनी घर उभे केले त्यांच्या कामाला घरानेच दुय्यम मानले, हे मला या पडझडीचे मूळ वाटते.

उंबरठा

कंदील, मांडणी वाचनीय आहे, पण तिच्यातले कार्यकारण मला पटत नाही. कॉर्नरस्टोनने इन्फोकॉमचा शेवट लवकर आणला, हे मान्य. तो नसता तर कंपनी वाचली असती, हे मात्र सिद्ध होत नाही.

एकट्या इन्फोकॉमकडे न पाहता तिच्या शेजारच्या कंपन्यांकडे पाहावे. स्कॉट अ‍ॅडम्स यांची अ‍ॅडव्हेंचर इंटरनॅशनल ही कंपनी गृहसंगणकांवर मजकुरी खेळ विकणाऱ्यांत सर्वांत आधीची. तिने कधी डेटाबेस काढला नाही, तरी १९८५ साली तिचे दिवाळे निघाले. इंग्लंडमधील लेव्हल ९ आणि मॅग्नेटिक स्क्रोल्स यांनी तर मजकुराला चित्रांची जोड दिली होती, आणि दोघींचा कारभार १९९० च्या आगेमागे आटोपला. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या स्वभावाच्या कंपन्या पाच-सहा वर्षांच्या अंतराने एकाच दिशेने गेल्या असतील, तर कारण एखाद्या संचालक मंडळाच्या मनोवृत्तीत शोधण्यापेक्षा बाजारात शोधणे अधिक योग्य ठरेल.

आणि बाजार बदललाच होता. १९८४ साली चित्रे दाखवणारा मॅकिंटॉश संगणक आला, सिएरा कंपनीचा 'किंग्ज क्वेस्ट' हा चित्रांचा खेळ आला, पुढच्या वर्षी अमिगा हा संगणक आला. गृहसंगणकाच्या पहिल्या ग्राहकाला यंत्राचेच वेड होते आणि वाचनाची सवय होती. टंकलेल्या वाक्याला यंत्र उत्तर देते याचेच त्याला अप्रूप होते. १९८५ पर्यंत ग्राहक बदलला, आणि नवा ग्राहक 'हा शब्द मला माहीत नाही' असे उत्तर तिसऱ्यांदा वाचून खेळ बंद करू लागला. त्याला दोष कसा द्यायचा?

आणखी एक गोष्ट आपण सोडून दिलीत. इन्फोकॉमचे सर्वांत महत्त्वाकांक्षी खेळ, म्हणजे १९८५ चा 'अ माइंड फॉरएव्हर व्होयेजिंग' आणि १९८६ चा ब्रायन मोरियार्टी यांचा अणुबॉम्बच्या इतिहासावरील 'ट्रिनिटी', मोठ्या स्मृतीच्या यंत्रांसाठी होते आणि घरोघरी असलेल्या कमोडोर ६४ या छोट्या संगणकावर चालतच नव्हते. जुन्या यंत्रात राहावे तर लेखनाला जागा नाही, नव्या यंत्रावर जावे तर तिथे प्रतिस्पर्धी चित्रे घेऊन उभे, अशी ही कोंडी होती. वेझा आणि मंडळींनी १९८२-८३ मध्येच 'केवळ मजकुरी खेळांवर कंपनी फार काळ चालणार नाही' असे ओळखले असेल, तर त्यांची समज खेळकर्त्यांपेक्षा अधिक दूरची होती असे म्हणावे लागेल. त्यांचे निदान बरोबर होते, औषध चुकले.

कंदील

निदान बरोबर होते असे मी म्हणणार नाही, कारण ते निदान नव्हतेच. व्यवसायाचे सॉफ्टवेअर काढायचे हा विचार कंपनीच्या जन्मापासूनचा आहे; खेळांची विक्री घटते आहे म्हणून तो पुढे आलेला नाही. कॉर्नरस्टोनवर काम चालू होते ती वर्षे इन्फोकॉमच्या खेळांच्या सर्वाधिक भरभराटीची होती. चित्रांचे भविष्य ज्याला दिसले असेल तो चित्रकार नेमेल. डेटाबेस लिहिणारे नेमणाऱ्याला दुसरेच काही हवे होते. शेजारच्या कंपन्यांचा आपला दाखला मात्र वजनदार आहे, त्यावर विचार करून लिहितो.

सुईदोरा

या चर्चेत डेटाबेसबद्दल सगळे ओझरते बोलत आहेत, म्हणून मी लिहिते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात एका हिशेबनिसाच्या कार्यालयात डीबेस ३ प्लस या तेव्हाच्या लोकप्रिय डेटाबेसवर काम करत होते, त्यामुळे ही स्पर्धा मला दुसऱ्या टोकाकडून ठाऊक आहे.

त्या काळी आपल्याकडे संगणकाचे वर्ग निघाले होते आणि तिथे डीबेस हमखास शिकवत. तो काही वापरायला सोपा नव्हता. सुरू केला की पडद्यावर एक टिंब दिसे, आणि पुढे काय टंकायचे ते ज्याचे त्याने जाणायचे. पण त्याची स्वतःची प्रोग्रामिंगची भाषा होती. ती शिकलेला विशीतला मुलगा औषधाच्या दुकानाचा साठा, पतपेढीची खाती, कारखान्याचे पगारपत्रक असे काहीही बसवून द्यायचा आणि त्यावर पोट भरायचा. डीबेस अशा असंख्य हातांनी पसरला, आणि अमेरिकेतही थोड्याफार फरकाने हेच घडले होते. कॉर्नरस्टोनची कल्पना नेमकी उलट होती: प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाला स्वतःचा डेटाबेस स्वतः उभा करता यावा. हेतू उदात्त होता, आणि पडद्यावर मदत देण्याची त्याची पद्धत त्या काळच्या मानाने फार पुढची होती. पण त्याला प्रोग्रामिंगची भाषाच नव्हती, त्यामुळे त्याच्याभोवती कामे करून देणाऱ्यांचा वर्ग तयार होणेच शक्य नव्हते.

दुसरा दोष कंदील यांनी ज्याचे कौतुक केले त्यातच दडलेला आहे. कॉर्नरस्टोनसुद्धा एका कल्पित यंत्रासाठी लिहिला होता. खेळात खेळणारा पुढची आज्ञा सुचेपर्यंत डोके खाजवत असतो, तिथे यंत्राने अर्धा-एक सेकंद अधिक घेतला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. हजारो नोंदींची क्रमवारी लावायला बसलेल्या कारकुनाच्या मात्र तो लगेच लक्षात येतो, कारण त्याच्या मागे साहेब उभा असतो. आणि हा संथपणा ज्यासाठी पत्करला ती सर्व यंत्रांवर चालण्याची सोय १९८५ मध्ये कोणाला हवी होती? गृहसंगणक दहा प्रकारचे होते, पण कचेऱ्यांत तोवर आयबीएम पीसी आणि त्याच्या नकला यांचेच राज्य झाले होते.

म्हणून मला खेळांची लाज हे कारण वाटत नाही आणि एकटी चित्रेही वाटत नाहीत. या माणसांकडे एक विलक्षण हत्यार होते आणि त्या हत्याराने त्यांना १९८० साली जिंकून दिले होते, त्यामुळे प्रत्येक लढाई त्यानेच लढायची असे त्यांनी धरून चालले. प्रयोगशाळेतून आलेल्या हुशार माणसांचा हा दोष मी पुढेही अनेकदा पाहिला आहे.

अनुस्वार

सुईदोराताई, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. परंतु १९८६ नंतरच्या तीन वर्षांबद्दल कोणीच बोललेले नाही, आणि माझ्या मते मृत्यू त्या तीन वर्षांत झाला.

कॉर्नरस्टोनची जखम खोल होती, तरी अ‍ॅक्टिव्हिजनमध्ये गेल्यावर इन्फोकॉम जिवंत होती. तिथले प्रमुख जिम लेव्ही स्वतः या खेळांचे चाहते होते. जानेवारी १९८७ मध्ये त्यांच्या जागी ब्रूस डेव्हिस आले आणि सगळे पालटले. इन्फोकॉमचा धंदा जुन्या खेळांवर उभा होता. पुस्तकाची आवृत्ती जशी वर्षानुवर्षे दुकानात राहते तसा 'झॉर्क' राहत असे आणि नव्या ग्राहकाच्या हाती आधी तोच पडे. डेव्हिस यांच्या काळात खेळ म्हणजे काही महिन्यांत विकून संपवायचा माल ठरला आणि जुने खेळ फळीवरून उतरू लागले. पूर्वी वर्षाकाठी चार-पाच खेळ सावकाश घासूनपुसून काढणाऱ्या चमूकडून १९८७ या एका वर्षात 'स्टेशनफॉल', 'द लर्किंग हॉरर', 'प्लंडर्ड हार्ट्स', 'बियाँड झॉर्क', 'बॉर्डर झोन' असे एकामागून एक काढून घेतले गेले. यातले कित्येक खेळ उत्तम आहेत, एमी ब्रिग्ज यांचा 'प्लंडर्ड हार्ट्स' तर माझा अत्यंत आवडता. पण एकाला नीट विकावे तोवर दुसरा दारात उभा असे. चित्रे असलेले 'झॉर्क झीरो', 'शोगन', 'जर्नी', 'आर्थर' हे खेळ १९८८-८९ मध्ये आले, तेव्हा ते खपवण्याची ताकदही उरली नव्हती. शेवटी अ‍ॅक्टिव्हिजनकडे कॅलिफोर्नियाला येण्याचे बोलावणे २६ पैकी ११ जणांना मिळाले आणि ५ जणांनीच ते स्वीकारले.

उंबरठा

अनुस्वार, फळीवरून खेळ उतरवण्याबद्दल आपण म्हणता ते खरे आहे, आणि त्याचा मलाही राग येतो. परंतु स्वतः अ‍ॅक्टिव्हिजनची स्थिती तेव्हा चांगली नव्हती, आणि अडचणीतल्या मालकाला प्रत्येक विभागाकडून लवकर पैसा हवा असतो. ज्या मालकापाशी वेळ नाही अशाच्या दारात इन्फोकॉमला जावे लागले, ही कॉर्नरस्टोनची करणी. तेवढ्यापुरते मी कंदील यांच्या बाजूने येतो. सुईदोराताईंनी कल्पित यंत्राबद्दल जे लिहिले ते मला सर्वांत पटले, आणि ते चित्रांनाही लागू पडते असे सुचवतो. दहा प्रकारच्या संगणकांवर एकच मजकूर सारखा दिसतो, पण एकच चित्र सारखे दिसत नाही. इन्फोकॉमने चित्रांकडे इतक्या उशिरा वळावे याचे कारण केवळ लेखनाचा अभिमान नव्हता. त्यांचा सगळा कारखाना मजकुराच्या मापाने बांधलेला होता.

कंदील

शेजारच्या कंपन्यांच्या दाखल्यावर विचार करून लिहितो असे म्हटले होते. उंबरठा यांचे एवढे मी मान्य करतो की १९९० नंतर केवळ मजकुरावर शंभर माणसांची कंपनी चालली नसती. कारखान्याच्या मापाचा मुद्दा मला सुचला नव्हता, तोही स्वीकारतो. परंतु वीस-पंचवीस माणसांची, हळूहळू चित्रांशी जुळवून घेणारी कंपनी चालली असती, आणि याला प्रमाण आहे. इन्फोकॉमसाठी लिहिलेले बॉब बेट्स यांनी १९८९ साली माइक व्हर्डू यांच्याबरोबर लेजेंड ही कंपनी काढली, स्टीव्ह मेरेट्झ्की यांनी तिच्यासाठी 'स्पेलकास्टिंग १०१' लिहिला, आणि आज्ञा टंकण्याचे, सोबत चित्रे असलेले खेळ या मंडळींनी पुढे काही वर्षे विकून दाखवले. तीच माणसे, तीच कला. त्यांच्या डोक्यावर डेटाबेसचे कर्ज तेवढे नव्हते. १९९१ साली अ‍ॅक्टिव्हिजनने इन्फोकॉमचे २० जुने खेळ एका खोक्यात घालून 'लॉस्ट ट्रेझर्स' या नावाने विकले, तेही चांगले खपले.

उंबरठा

लेजेंडचा दाखला योग्य आहे, पण तो अर्ध्यावर सोडू नये. १९९३ च्या सुमारास लेजेंडनेही आज्ञा टंकणे काढून टाकले आणि माउसच्या खेळांकडे वळली. म्हणजे इन्फोकॉमच्या माणसांना कर्ज नसताना, संचालकांचा अडथळा नसताना, मनापासून हे काम करण्याची मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांनी आणखी चार वर्षे काढली. ती चार वर्षे मौल्यवान आहेत असे आपण म्हणाल तर मी वाद घालणार नाही, कारण 'ट्रिनिटी'च्या तोडीचा आणखी एक खेळ त्यांत निघू शकला असता. पण अंतर चार वर्षांचेच होते, या मतावर मी ठाम आहे.